त्याग कोणाचा आणि हिशेब कोणाकडे?

(भोर तालुक्यातील उत्रोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘श्रमिक डाव्या राजकारणापासून दूर का गेला?’ हा प्रश्न आपण आजच्या व्याख्यानासाठी निवडलात, याचा मला आनंद वाटतो. हा प्रश्न बहुधा शहरातील सभागृहांत चर्चिला जातो आणि त्याचे उत्तरही तेथेच ठरून जाते. कोणी म्हणतो, कामगाराला जातीने आणि प्रांताने भुलविले. कोणी म्हणतो, जागतिक भांडवलशाहीचा रेटाच असा होता की त्यापुढे कोणाचा इलाज चालला नसता. ह्या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, परंतु दोहोंत एक सोयही दडलेली आहे. पहिल्यात दोष कामगाराच्या माथी जातो, दुसऱ्यात तो जगाच्या माथी जातो. ज्यांनी कामगाराच्या नावाने राजकारण केले, त्यांच्या माथी काहीच उरत नाही.

माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आपल्याकडच्या कामगाराने त्यागाला कधी नकार दिलेला नाही. त्याने नकार दिला तो हिशेब न मिळणाऱ्या त्यागाला. टंचाईच्या आणि काटकसरीच्या प्रत्येक कालखंडात ‘पोटाला चिमटा घ्या’ असे त्याला सांगण्यात आले. सांगणाऱ्यांत कधी सरकार होते, तर कधी त्याचेच जुने पुढारी सरकारात जाऊन बसलेले होते. घेतलेल्या चिमट्याचे पुढे काय झाले, हे सांगावयास मात्र कोणी परत आले नाही. आज ज्याला आपण भ्रमनिरास म्हणतो, तो असा वर्षानुवर्षे साचत गेला आहे.

हा विषय भोर-वेल्ह्याच्या भूमीवर मांडण्यास एक खास कारण आहे. ह्या डोंगरपट्ट्याचा आर्थिक इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर असा, की येथले पाणी पूर्वेला गेले आणि माणसे पश्चिमेला गेली. भाटघरचे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. त्याच्या पाण्याने नीरेच्या कालव्यांखाली बारामती, फलटण, माळशिरसकडची शेते भिजली आणि तेथे ऊस उभा राहिला. वेल्ह्यातील पानशेतचे पाणी पुण्याच्या नळांना गेले. धरणांच्या वरच्या अंगाला राहणारा माणूस मात्र पावसाळी भातावर आणि नाचणीवर वर्ष निघेना म्हणून मुंबईची वाट धरीत राहिला. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत, कोणी बाजारपेठेत माथाडी झाला. त्याने गाव मात्र सोडले नाही. मुंबईच्या खोलीत एक चूल आणि गावच्या घरात दुसरी. पगार एक आणि चुली दोन. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी येथून गेलेल्या कामगारांचीही हीच रीत होती.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात वेतन म्हणजे एका श्रमिकाच्या श्रमाचे मोल. येथे ते दोन घरांचे आणि तीन पिढ्यांचे अन्न होते. म्हणूनच ह्या वेतनाला लागलेली प्रत्येक कात्री दोन ठिकाणी कापीत असे. त्यांपैकी एकच जागा कामगार चळवळीला दिसत होती.

आता इतिहासाकडे वळू. १९५० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनसच्या मागणीसाठी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेच्या नेतृत्वाखाली संप केला. तो सुमारे दोन महिने चालला आणि मोडला. त्या लढ्याच्या अग्रभागी अशोक मेहता होते. विद्वान, अभ्यासू, त्यागी असे ते नेतृत्व होते, याबद्दल दुमत नाही. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, काँग्रेसमध्ये गेले आणि १९६६ साली केंद्रात नियोजनमंत्री झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला पावणेपाच रुपये पडत होते, ते साडेसात पडू लागले. ह्या निर्णयामागच्या वॉशिंग्टनमधील वाटाघाटींत अशोक मेहतांचा सहभाग होता. दुष्काळ, युद्धाचा खर्च आणि थांबलेली परदेशी मदत पाहता अवमूल्यन टाळता येण्यासारखे नव्हते, असे मानणारे अर्थशास्त्रज्ञ आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या पुढाऱ्याच्या शब्दावर कामगार दोन महिने उपाशी राहिला, त्या पुढाऱ्याने मंत्री झाल्यावर त्याच कामगारांच्या सभेत येऊन ‘हे का करावे लागले, तुमच्यावर किती भार पडेल आणि धनिकांवर किती पडेल’ हे सांगावयास नको होते काय?

दुसरा कालखंड १९७४ चा. १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ च्या अखेरीस चौपट झालेले खनिज तेलाचे भाव यांमुळे महागाईचा वणवा पेटला होता. घाऊक भावांची वाढ वर्षाला सुमारे २५ टक्क्यांवर गेली. वर्षारंभी कॉम्रेड डांगे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी बेचाळीस दिवसांचा संप केला. हाती फारसे काही लागले नाही. मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा संप झाला आणि तो निर्दयपणे चिरडण्यात आला. जुलै महिन्यात केंद्र सरकारने वटहुकूम काढला. त्यान्वये पगारवाढीची सारी रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याची अर्धी रक्कम सक्तीची ठेव म्हणून अडकवून ठेवण्यात आली.

न्यायाने बोलावयाचे तर कंपन्यांच्या लाभांशावरही त्याच वेळी मर्यादा घालण्यात आली होती. ‘भार सर्वांवर सारखा’ असे सरकारचे म्हणणे होते. परंतु येथे थोडे गणित करावे लागते. भागधारकाला न वाटलेला नफा कंपनीच्या गंगाजळीतच राहतो आणि तो त्याच्याच मालकीचा असतो. आज मिळाला नाही तर उद्या भागाच्या किमतीत मिळतो. कामगाराची ठेवही कागदोपत्री त्याचीच होती, तिला व्याजही होते आणि ती हप्त्याहप्त्याने परत मिळावयाची होती. पण दाणे महाग असत त्या महिन्यात तो पैसा हाती नसे. सरकारकडे ठेव आणि वाण्याकडे उधारी, अशी त्याची स्थिती झाली. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा उधारीचे व्याज किती जड असते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगावयास नको. सारखा दिसणारा भार सारखा नसतो तो असा.

पुढच्या वर्षी आणीबाणी आली. सप्टेंबर १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणण्यात आला. संपाचा आणि सभेचा हक्क तर उरलाच नव्हता. त्या काळात भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणीबाणीचा पाठीराखा होता. लाल बावट्याखाली दोन पिढ्या वाढलेल्या गिरणगावाने हे पाहिले. समाजवादी कार्यकर्ते तुरुंगात होते, त्यांचे नैतिक वजन वाढले. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले, ८.३३ टक्के बोनस परत आला, रेल्वे संपाचा सेनापती केंद्रात उद्योगमंत्री झाला. गिरणगावाने गुलाल उधळावा असाच तो क्षण होता.

आणि त्याच सरकारने भूतलिंगम् समिती नेमली. वेतन, उत्पन्न आणि किमती यांचे धोरण ठरविण्यासाठी ती होती. १९७८ साली आलेल्या तिच्या अहवालातील वेतनसंयमाच्या शिफारशी सर्व रंगांच्या कामगार संघटनांनी एकमुखाने फेटाळल्या. त्याच वर्षी औद्योगिक संबंधांचे विधेयक आले, संपाच्या हक्काला आवळणारे. त्यालाही कामगार संघटनांना रस्त्यावर येऊन विरोध करावा लागला. आपलेच सरकार आणि आपलाच मोर्चा! दोन्हीकडचे पुढारी एकमेकांचे जुने सोबती होते. कामगाराने कोणाला आपले म्हणावयाचे?

ह्या पार्श्वभूमीवर १९८१-८२ कडे पाहिले पाहिजे. नोव्हेंबर १९८१ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून त्या संस्थेच्या तोवरच्या इतिहासातील सर्वांत मोठे कर्ज मंजूर करून घेतले. अत्यावश्यक सेवांच्या नावाने संपबंदीचा कायदा त्याच वर्षी झाला होता. ह्या धोरणांविरुद्ध डाव्या कामगार संघटनांनी १९ जानेवारी १९८२ रोजी देशव्यापी संप पुकारला. तो एक दिवसाचा होता. त्याच्या आदल्याच दिवशी, १८ जानेवारीला, मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संपावर गेले होते. एकाच आठवड्यात दोन संप! एकाला सिद्धान्त होता, ठराव होते, देशभरच्या संघटना होत्या. दुसऱ्याला तसे काही नव्हते. पण कामगाराने आपले सर्वस्व पणाला लावले ते दुसऱ्यासाठी.

डॉक्टर सामंत हे डाव्या पक्षांच्या परंपरेतले नव्हते. बोनसच्या प्रश्नावर चिडलेले कामगार १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास आपण होऊन त्यांच्या घाटकोपरच्या घरी गेले. लाल बावट्याच्या आणि समाजवाद्यांच्या कचेऱ्या तर गिरणगावातच होत्या. त्या ओलांडून हा कामगार घाटकोपरला गेला. ह्यावर ‘कामगाराला शॉर्टकट हवा होता’ असा शेरा मारून अनेक विचारवंत मोकळे झाले. पण त्या कामगाराच्या मागण्या पाहा. वेतनवाढ होतीच, कारण इंजिनिअरिंग आणि रसायन कारखान्यांतला कामगार त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. शिवाय बदली कामगाराला कायम करा, ही मागणी होती. आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदला, ही मागणी होती. ह्या कायद्याने पंचवीस टक्के सभासद दाखविणाऱ्या एका युनियनला बोलणी करण्याचा मक्ता दिलेला होता आणि तो मक्ता काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्या युनियनला कामगार मानीत नाही, तीच त्याच्या वतीने सही करणार, अशी ती व्यवस्था होती. ह्या तीन मागण्यांत कोठे शॉर्टकट आहे? आमचे मत विचारा, आम्हांला मोजा, एवढेच तो म्हणत होता.

संप महिनोन्महिने चालला. तो चालू शकला, कारण दुसरी चूल जागी होती. पगार थांबल्यावर हजारो कामगार गावी परतले. नाचणी-तांदळाच्या कणग्यांनी, भावाच्या शेतीने, घरच्या बाईच्या रोजंदारीने आणि गहाण पडलेल्या दागिन्यांनी हा संप पोसला. लाल निशाण पक्षासारख्या काही गटांनी ग्रामीण भागात संपाच्या बाजूने काम केले, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. पण एकंदर डाव्या चळवळीजवळ ह्या दुसऱ्या चुलीचा विचारच नव्हता. शहरात युनियन आणि खेड्यात किसान सभा, अशा दोन वह्या होत्या. एकाच घराची दोन माणसे दोन वह्यांत लिहिली जात आणि त्या घराची बेरीज कोठेच होत नसे. गावातील ज्या बाईने दीड वर्ष संप ओढला, तिचे नाव तर कोणत्याच वहीत नव्हते.

हा संप विधिपूर्वक मागे घेतला गेलाच नाही. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही कामगार परत गेले, हजारो कधीच गेले नाहीत. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेतही दक्षिण मध्य मुंबईने डॉक्टर सामंतांना लोकसभेत पाठविले. त्यांच्यावरचा विश्वास एवढा होता. १९९७ साली त्यांचा खून झाला. पण आपण काय गमावले आणि का गमावले, हे कामगारांसमोर उभे राहून सांगणारी सभा त्यांनीही घेतली नाही, त्यांच्या विरोधकांनीही घेतली नाही आणि काठावर उभ्या असलेल्या डाव्या पक्षांनीही घेतली नाही.

मधल्या काळात ही पोकळी भरणारे दुसरे कोणी होतेच. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने तिच्याशी युती केली. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. केवळ दहशतीने हे झाले, असे म्हणणे अपुरे आहे. इस्पितळात खाट, शाळेत प्रवेश, नोकरीची चिठ्ठी यांसाठी संध्याकाळी जेथे जाता येईल अशी जागा म्हणून शाखा उभी राहिली. युनियनची कचेरी हजेरीपटावर नाव असलेल्यासाठी होती. त्याच्या बेकार धाकट्या भावाला तेथे काय काम?

याचा अर्थ डाव्यांना दुसरी वाट ठाऊकच नव्हती, असा नव्हे. त्यांच्याच इतिहासात ती आहे. १९७२ ते १९७५ या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी महिला आघाडी उभारली. लाटणी घेऊन हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. रेशनचे धान्य, रॉकेल, तेल हे त्यांचे विषय होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून त्यांना बँकेच्या दारात नेले. गिरणी कामगाराला रोज जेवू घालणारी ही बाई तोवर कामगार चळवळीत मोजली जात नव्हती.

तिसरे उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या ह्या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो कायदा अमलात आला. तिच्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जाऊ लागले आणि तितकीच भर राज्याने घालावयाची ठरले. हीदेखील पगाराला लागलेली कात्रीच होती! पण तिच्याविरुद्ध शहरी कामगारांनी मोठे बंड पुकारले नाही. कापलेला रुपया गावाकडच्या बांधबंदिस्तीवर आणि रस्त्याच्या खडीवर जातो, हे त्याला दिसत होते. त्या कामावर कदाचित त्याचीच भावजय होती. एका चुलीतला विस्तव दुसऱ्या चुलीत नेल्यासारखे ते होते. पुढे निधी शिल्लक राहू लागला आणि मागेल त्याला काम मिळेनासे झाले, तेव्हा तक्रारी वाढल्या, आणि त्या रास्त होत्या. त्याग मागताना त्याची दिशा आणि हिशेब उघड ठेवला, तर कष्टकरी माणूस तो देतो, एवढे मात्र ह्या योजनेने दाखवून दिले.

हा केवळ आपलाच अनुभव आहे असे नाही. इंग्लंडच्या मजूर पक्षाने १९७६ साली नाणेनिधीचे कर्ज घेतले, सार्वजनिक खर्च कापला आणि वेतनवाढीवर मर्यादा घातली. मजुरांच्या संघटनांनी काही काळ ती पाळली. मग १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांचा स्फोट झाला आणि मे १९७९ मध्ये थॅचरबाई सत्तेवर आल्या. ग्रीसमध्ये जुलै २०१५ मध्ये डाव्या सरकारने काटकसरीच्या अटींवर सार्वमत घेतले. ६१ टक्के जनतेने ‘नको’ म्हटले. काही दिवसांतच त्याच सरकारने तशाच अटी पत्करल्या. सरकारे अगतिक असतात हे खरे. पण ज्याला मत विचारले आणि मग मोजले नाही, तो माणूस पुन्हा मत सांगावयास येत नाही.

मित्रहो, ‘हा सारा गेल्या शतकाचा इतिहास झाला, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, आता हे उगाळून काय उपयोग?’ असे कोणी विचारील. उपयोग आहे. आज भोर तालुक्यातला तरुण मुंबईला न जाता शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत जातो. कालचा बदली कामगार आज कंत्राटी कामगार झाला आहे. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये मंजूर केलेल्या चार श्रमसंहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकमेव हक्क दिला आहे. प्रश्न पुन्हा हजेरीपटाचाच आहे. ज्याचे नाव कंत्राटदाराच्या कागदावर आहे, तो कारखान्याच्या कोणत्या टक्क्यात धरला जाणार? चाळीस वर्षांपूर्वी बदली कामगाराने विचारलेला हा प्रश्न त्याचा नातू आज विचारीत आहे. त्याच्याजवळ जाऊन बसणारे कोण आहे?

तीन गोष्टी मला सुचतात. पहिली, डाव्या पक्षांनी आणि संघटनांनी युनियनच्या सभासदत्वाचे माप बदलावे. हजेरीपट पाहू नये, घर पाहावे. कंत्राटी मुलगा, शेतावरची आई, रोजगार हमीवरची बहीण यांची एक वही असावी. दुसरी, अशी कचेरी शिरवळच्या फाटकाशी असावी तशीच ती उत्रोलीसारख्या गावातही असावी, आणि ती मोर्चाच्या आदल्या दिवशीच उघडू नये. रेशनकार्ड, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या कामांतून विश्वास उभा राहतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, कोणताही लढा संपला, मग तो जिंकलेला असो वा हरलेला, की त्याचा ताळेबंद कामगारांसमोर जाहीरपणे मांडला जावा. सत्तेत गेलेल्याने तर तो दरवर्षी मांडावा.

ह्यात क्रांतिकारक असे काही नाही, असे आपल्याला वाटेल. मला तसे वाटत नाही. मुंबईहून गावी पैसे धाडणारा प्रत्येक कामगार मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहीत असे. किती पाठविले, कशासाठी पाठविले आणि पुढच्या महिन्यात किती कमी येतील. कमी येणार असतील तर कारण लिहावे लागे. त्या दोन ओळींवर गावचे घर कमी पैशांतही महिना काढीत असे. तेवढ्या दोन ओळी ज्या दिवशी डावे राजकारण ह्या घरांना नियमाने लिहू लागेल, त्या दिवसापासून त्याला मते मागण्याचा अधिकार येईल.